टीसी

नातीचा निरोप येतो: 'जे१ झालं का'
जे. एक. झालं का.
चष्मा पुसून पुन्हा वाचतो मी, चारकोपच्या गॅलरीत,
समोर आमटीभात निवत असतो,
आणि कळत नाही, जेवणातलं 'वण'
या पोरीला नेमकं कुठे जड झालं.

(शुभेच्छांना आकडे आमच्याकडेही होते.
लग्नाचा वेगळा, परीक्षेचा वेगळा,
इकडून आकडा ठोकायचा, तिकडे अख्खं वाक्य निघायचं.
पण ते वेगळं. ते नियमात होतं.)

'जेवलो.' असं कळवतो.
लगेच विचारते, चिडलात का?
का गं?
फुलस्टॉप दिलात ना.
अडतीस वर्षं मी फोर्टच्या तारघरात
पूर्णविराम अक्षरी पाठवला, स्टॉप,
त्याचेही पैसे घेऊन.
कुणी चिडल्याची तक्रार आली नाही.

तळमजल्यावरचे बँकवाले 'रिव्हर्ट बॅक' करतात,
म्हणजे परत परततात.
गावड्यांचा मुलगा सांगतो, मी तिला बोललो, ती मला बोलली.
'म्हणाली' या शहरात कधी वारली
कुणी कळवलंसुद्धा नाही.

कुटिन्हो गेला ते मात्र कळलं. ग्रुपवर.
खाली रांगेनं आरआयपी, आरआयपी, आरआयपी,
मधेच एक अंगठा,
एकाचं 'ओके'.
सत्तावीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलाला होता तो.
की दाबताना करंगळी उभी राहायची त्याची,
आणि पलीकडे नागपूरवाले नुसत्या लयीवरून ओळखायचे
आज कुटिन्हो बसलाय.
त्या माणसाला हे.

आणि रात्री: 'जीएन आजोबा. टीसी'
मुंबईत जन्म काढलेल्याला टीसी म्हणजे काळा कोट
आणि खिशात पास चाचपणारा आपला हात.
पहिल्यांदा आलं तेव्हा घाबरून विचारलं होतं,
कुठल्या स्टेशनात पकडलं तुला?
हसत सुटली. टेक केअर हो, आजोबा.
काळजी घ्या म्हणे. दोन अक्षरांत.

कॉटनग्रीनच्या गोदामातला एक जण आला होता काउंटरवर.
सखाहरी भांगरे, गाव राजूर. फॉर्म मीच भरला, म्हणून आठवतं.
घरी लिवा, बोलला. (बोललाच तो.)
मुलगी झाल्याचं कळलं,
नाव तुला आवडंल ते ठेव,
दिवाळीला येतो, बाजरी विकू नको,
तब्येत जप.
मी शब्द मोजले, पैसे सांगितले.
त्यानं कनवटीची नाणी काढली, फळीवर मांडली,
पुन्हा मांडली,
आणि माझ्याकडे बघत राहिला.

मग मी पेन्सिल उचलली.
या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं तारघरात.
बाजरी गेली. नाव गेलं. मुलगी गेली.
'कळले दिवाळीस येतो'
तब्येत सगळ्यात शेवटी खोडली.
ते न लिहिता कळतंच हो, मी म्हणालो.
त्यानं मान हलवली. चार नाणी परत कनवटीला लावली
आणि जाताना दोनदा नमस्कार केला मला.

शब्दामागे दर होता, भांगरे.
हिला कसला दर आहे?
रात्रभर लिहीत बसली तरी फुकट,
तरी कापते, 'वण' कापते, काना कापते, वेलांट्या उडवते,
आणि एवढं कापूनही
ते तेवढं राहू देते.

अकरा वाजले. आलं: 'जीएन. टीसी'
तूही तब्येत जप, लिहितो मी,
ऱ्हस्वदीर्घ एकदा तपासून.
पूर्णविरामापाशी अंगठा थांबतो.
बरं, नाही देत.
जे१ मात्र मेलो तरी लिहिणार नाही